बेचाळिसावा दगड

चुंबकबाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या कोठाराच्या दारापाशी मातीत गुडघे टेकून बसल्या होत्या आणि दाराच्या बिजागरीला चुंबक लावून बघत होत्या. चुंबक चिकटत नव्हतं. त्या लावायच्या, ते खाली पडायचं, त्या पुन्हा उचलायच्या आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त खूश व्हायच्या. मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

"चिकटत नाही!" त्या मला म्हणाल्या.

"चुंबक खराब असेल," मी म्हटलं.

त्यांनी ते माझ्या पिशवीतल्या हातोड्याला लावलं. खाडकन चिकटलं. "बिजागरी तांब्याची आहे. खिळेसुद्धा तांब्याचे. अख्ख्या इमारतीत लोखंडाचा तुकडा नाही. का ते सांगू?"

"मला दगड काढायला बोलावलंय," मी म्हटलं. "कुठला काढायचा तेवढं सांगा."

मी अशीच आहे. आबा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात, आणि आता अठ्ठेचाळीस वर्षांची झाले तरी ते नाव काही सुटलं नाही. धंद्याने मी पाथरवट. दगड घडवते, बसवते, काढते. हे काम बाईला जमणार नाही असं सांगणारे पुष्कळ भेटले, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घराच्या पायऱ्या मीच बसवल्या आहेत.

तर हे कोठार. गावाच्या टोकाला जुन्या छावणीचं मैदान आहे, त्याच्या मधोमध दगडाची ही एकच इमारत उरली आहे. एक मजला, कमानीचं छत, एक दार, खिडकी एकही नाही. भिंत इतकी जाड की तिच्यात माणूस आडवा झोपेल. एकतीस वर्षांपूर्वी लष्कराने छावणी रिकामी केली आणि कोठार नगरपालिकेच्या गळ्यात पडलं. नगरपालिकेने त्याचं जे करायचं तेच केलं. मोडक्या खुर्च्या, निवडणुकीच्या पेट्या, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे, सगळं आत कोंबलं आणि दाराला कुलूप लावलं. आता कुलूप काढलं तर आतल्या भिंती पाझरत होत्या आणि छताला काळी बुरशी धरली होती. कागदोपत्री नाव 'माल-कोठार क्रमांक चार'. पाडायचं आणि तिथे वाहनतळ करायचा, असा प्रस्ताव तयारच होता.

फक्त एक अडचण होती. दगडी लष्करी इमारत असल्यामुळे पाडण्याआधी वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. सोमवारी समिती येणार होती. चुंबकबाई त्या समितीच्या तज्ज्ञ. त्यांच्या समोर नगरपालिकेचे अभियंता, ज्यांना मी मीटरसाहेब म्हणायचे, कारण भिंतीतला ओलावा मोजायचं मीटर त्यांच्या हातातून जेवतानासुद्धा सुटत नसावं. त्यांनी भिंतीला चाळीस ठिकाणी मीटर टेकवून अहवाल लिहिला होता: भिंत पाण्याने भरली आहे, इमारत धोकादायक आहे, जपण्यासारखं वेगळं काही नाही. खोटं लिहिलं नव्हतं. मीटर जे दाखवत होतं तेच लिहिलं होतं.

"मला वाटतं हे माल-कोठार नाहीच," चुंबकबाई मला म्हणाल्या. "हे दारूगोळ्याचं कोठार आहे. तांब्याची बिजागरी त्यासाठीच. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी उडते."

"मग द्या ना तसं लिहून."

"बिजागरीवर कोण ऐकतंय? असं कोठार असेल तर भिंतीत हवेची भोकं पाहिजेत. दारूगोळा ओला झाला की संपला, म्हणून आत सतत वारा खेळता ठेवायचे. पण भोक सरळ ठेवलं तर बाहेरून कोणी पेटतं काही आत टाकेल. म्हणून भोक दीड-दोन हात आत जायचं, मग समोर दगड आडवा, आणि त्या दगडाला वळसा घालून ते दुसरीकडे आत उघडायचं. वारा वळतो, ठिणगी वळत नाही. अशी भोकं चालू अवस्थेत असलेली कोठारं फार थोडी उरलीत. ती सापडली तर या इमारतीला कोणी हात लावू शकणार नाही. पण मी तीन दिवस शोधतेय, एकही नाही. बाहेरून सलग दगड, आतून नगरपालिकेचा गिलावा. भोकं नसतील तर हे साधं गोदाम, आणि साध्या गोदामासाठी वाहनतळ कोण सोडणार? तुम्ही दगडातल्या. जरा बघा ना."

मी भिंतीवरून नजर फिरवली. सकाळचं ऊन तिरपं येत होतं, आणि तिरप्या उन्हात दगडावरचा छिन्नीचा एकेक घाव दिसतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे घाव एका बाजूला उतरतात. सगळ्या भिंतीवर ते तसेच होते, शेकडो दगडांवर. आणि छातीच्या उंचीवर, दाराच्या डाव्या अंगाला, एक वीतभर दगड होता, ज्याचे घाव उलटीकडे उतरत होते. चार पावलांवर आणखी एक. पुन्हा चार पावलांवर आणखी एक.

 या गावात डावखुरा पाथरवट एकच झाला, आणि तो या क्षणी माझ्या घरी ओसरीवर बसून पेपर वाचत होता.

"काही दिसलं?" बाईंनी विचारलं.

"उन्हाचा त्रास होतोय," मी म्हटलं. "संध्याकाळी सांगते." आणि पिशवी उचलून चालू लागले. माझ्या आयुष्यात मला उन्हाचा त्रास कधी झालेला नाही.

आबांचं कोठाराचं काम आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. छावणी रिकामी करताना लष्कराने त्यांना बोलावलं होतं: बाहेरून भिंत नीट करून द्या, सांधे भरा, नगरपालिकेला चांगल्या स्थितीत सोपवायची आहे. आत अजून माल होता, त्यामुळे आत पाऊल टाकायला मनाई. आबांनी बाहेरून बघितलं तर भिंतीत ओळीने चौकोनी भोकं. आता कुठलाही पाथरवट अशी भोकं बघून एकच गोष्ट म्हणेल: परांचीची भोकं. उंच भिंत बांधताना माणसांना उभं राहायला लाकडांची परांची बांधतात, तिची लाकडं भिंतीत खुपसायला भोकं ठेवतात, आणि काम संपलं की ती बुजवतात. न बुजवता निघून जाणं हा आमच्यात वेंधळेपणा समजला जातो. "जुने गवंडी काम अर्धं टाकून पळाले होते," आबा सांगायचे. "मी पुरं केलं. आणि असं केलं की शोधून दाखवा." बाहेरचा माणूस ती भोकं बघून पुढे गेला असता. बुजवायचं सुचलं ते फक्त चांगल्या पाथरवटाला.

लष्कराच्या अधिकाऱ्याने खूश होऊन प्रमाणपत्र दिलं. ते काचेत मढवून दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलेलं आहे, म्हणजे आलेल्या माणसाला चपला काढायच्या आधी ते वाचावं लागतं. आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नावाची घरं बांधली. आपलं म्हणून दाखवायला त्यांच्याकडे ती एक भिंत होती. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि त्यांनी हत्यारं खुंटीला टांगली, तेव्हापासून तर ते प्रमाणपत्र रोज पुसलं जातं.

माझीही एक आठवण त्या कामाशी जोडलेली आहे, आणि ती काही चांगली नाही. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. हट्ट करून आबांकडून एक दगड मागून घेतला आणि तीन दिवस खपून घडवला. माझा पहिला दगड. शेवटच्या घावाला त्याचा कोपरा उडाला. आबांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला, "कोपरा गेलाय," म्हणाले आणि घेऊन गेले. चांगलं नाही, वाईट नाही, काही नाही. तो दगड मला पुन्हा दिसला नाही. कुठल्यातरी भरावात फेकला असणार. त्यानंतर मी शेकडो दगड घडवले, पण आबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणून कधी ऐकला नाही, आणि तो पहिला दगड माझ्या मनातून गेला नाही.

घरी पोचले तेव्हा आबा चहाची वाट बघत होते. मी ठरवलं होतं की हळूहळू, आडवळणाने सांगायचं. पण मला हळूहळू काही येत असतं तर मला ठिणगी कोण म्हणालं असतं?

"आबा, कोठाराची ती भोकं परांचीची नव्हती."

त्यांनी पेपर खाली घेतला. "मग कशाची होती?"

"हवेची. तिथे दारूगोळा ठेवायचे. भिंतीला श्वास घ्यायला ठेवली होती ती, आणि तुम्ही बुजवलीत. म्हणून भिंत पाणी धरून बसलीय. म्हणून आता पाडतायत."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. मी प्रत्येक भोकात गज घालून बघितला होता. दीड हातावर दगड लागत होता. सगळी आंधळी भोकं."

"दीड हातावर वळतं ते, आबा."

"भोक कसं वळेल?"

मी खडू घेतला आणि ओसरीच्या फरशीवर भिंत काढली, मध्ये आडवा दगड, त्याला दोन्ही बाजूंनी वळसा, आत दुसरं तोंड. आबा खुर्चीतून उठून खाली बसले. सत्त्याहत्तराव्या वर्षी खाली बसणं त्यांच्या जिवावर येतं, तरी बसले. त्यांनी बोटाने वाऱ्याची वाट गिरवली. बाहेरून आत. पुन्हा आतून बाहेर. मग पुन्हा.

"काय हुशार माणसं," ते पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला वाटलं, सुटले मी. मग तो आनंद हळूहळू मावळला. "आणि मी त्यांना एकतीस वर्षं वेंधळे म्हणतोय. चार माणसांत म्हणतोय."

"तुम्हाला आत जाऊ दिलं नव्हतं. तुम्हाला कसं कळणार?"

"विचारायचं होतं. गवंडी इतकी सरळ ओळ ठेवून भोकं विसरेल का? हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं." त्यांनी खडूचं बोट धोतराला पुसलं. "म्हणजे भिंत माझ्यामुळे पडणार."

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हो."

त्या एका 'हो'बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. आबा भिंतीला धरून उठले, आत गेले आणि चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते दिवसभर बोलले नाहीत. विचारलं तर मान हलवायचे. जेवायला बसले आणि दोन घास खाऊन उठले. मी चुंबकबाईंना फोन केला नाही. त्यांचा आला तो उचललाही नाही. भोकं कुठे आहेत ते सांगितलं तर पहिला प्रश्न येणार होता की बुजवली कोणी. गावातल्या प्रत्येक माणसाला आबांनी ती भिंत दाखवली होती. उत्तर द्यायला माझी गरजच पडली नसती. आणि गप्प बसले तर कोठार जाणार होतं, आबांच्या भिंतीसकट. एकीकडे आड आणि दुसरीकडे विहीर, आणि मधे मी गाल फुगवून बसले होते, जशी काही चूक जगाची होती.

सोमवारी पहाटे मी मनाशी ठरवलं. जायचं, दगड दाखवायचे, "कोणीतरी बुजवलेत" म्हणायचं आणि नावाच्या प्रश्नाला बहिरं व्हायचं. उठून बाहेर आले तर आबांची खाट रिकामी होती. खुंटीवर हत्यारांची पिशवी नव्हती. आणि दारासमोरच्या भिंतीवर प्रमाणपत्राच्या जागी नुसता एक पांढरा चौकोन होता.

मी धावले. या वयात, चपला हातात घेऊन, अख्ख्या बाजारातून.

मैदानात समिती आलेली होती. समितीचे अध्यक्ष छत्री घेऊन उभे होते, चुंबकबाई आणि मीटरसाहेब त्यांच्या दोन बाजूंना, आणि समोर आबा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काचेचं प्रमाणपत्र छातीशी धरलेलं.

"आजोबा, इथे धोका आहे, जरा बाजूला थांबता का?" मीटरसाहेब म्हणत होते.

"थांबायलाच आलोय," आबा म्हणाले. "ही भिंत ओली आहे ती माझ्यामुळे. हवेची भोकं मी बुजवली. परांचीची समजून. हा घ्या पुरावा, लष्कराच्या सहीशिक्क्याचा."

अध्यक्षांनी प्रमाणपत्र घेऊन मोठ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की भिंतीतली बेचाळीस भोकं उत्तम प्रकारे दगडांनी बुजवून कारागिराने भिंत साफ करून दिली. ते वाक्य मी हजार वेळा वाचलं होतं. आबा ते पाहुण्यांना बोट ठेवून वाचून दाखवायचे. त्या सकाळी त्याच वाक्यावर बोट ठेवून ते आपली चूक दाखवत होते, आणि त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. 

चुंबकबाईंनी तोंडावर हात धरला होता. "बेचाळीस!" त्या म्हणाल्या. "एकही शोधून सापडलं नाही मला."

"कसं सापडेल?" आबा म्हणाले. चूक कबूल करायला आलेल्या माणसाच्या मानाने जरा जास्तच ताठ मानेने म्हणाले, हे मला सांगितलंच पाहिजे.

"एक उघडून दाखवता येईल का?" अध्यक्षांनी विचारलं. "आत्ता?"

आबांनी पिशवीतून छिन्नी काढली, दाराच्या डाव्या अंगाच्या दगडापाशी गेले, सांध्यावर छिन्नी टेकवली. हात थरथरला. छिन्नी सरकली. त्यांनी पुन्हा टेकवली, पुन्हा सरकली. सगळे बघत होते. मग त्यांनी मागे वळून न बघताच हात मागे केला. "ठिणगी, ये. तू मार. मी सांगतो तिथे."

मी आलेय हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. मी छिन्नी घेतली. ते बोट ठेवायचे, मी घाव घालायचे. सिमेंट कडक होतं, आबांनी कालवलेलं होतं ना. पाऊण तास लागला. मग दगड हलला, मी तो दोन्ही हातांनी ओढून बाहेर घेतला, आणि मागे काळोखं चौकोनी भोक उघडं पडलं. मीटरसाहेबांनी त्यात टॉर्च मारला. "पुढे दगडच दिसतोय," ते म्हणाले.

"दिसणारच," चुंबकबाई आणि आबा एकदम म्हणाले.

आतल्या बाजूने गिलाव्यावर मी ठोकून बघितलं. एका जागी आवाज पोकळ आला. दोन घावांत गिलावा पडला आणि एक अरुंद फट दिसू लागली. चुंबकबाईंनी आगपेटी काढली.

"दारूगोळ्याच्या कोठारात काडी ओढताय बाई," आबा म्हणाले. "बांधणारे बघत असतील तर शिव्या देतील."

काडी पेटली. बाईंनी ती फटीसमोर धरली. उजेड बाहेरून आत येत नव्हता, किंचितही नाही. पण काडीची ज्योत आडवी झाली, खोलीच्या दिशेने लवली, आणि विझली. कोंदट ओल्या वासाच्या त्या खोलीत माझ्या गालाला बाहेरचा वारा लागला. एकतीस वर्षांनी. अध्यक्षांनी छत्री मिटली. मीटरसाहेब म्हणाले, "आणखी एकदा लावा ना काडी."

त्या दिवशी लगेच सगळं गोड झालं असं नाही. समितीने सहा महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात सगळी भोकं उघडायची, दर पंधरा दिवसांनी ओलावा मोजायचा. भिंत सुकली तर कोठार वारसा यादीत, नाही सुकली तर वाहनतळ. भोकं उघडायचं काम मला मिळालं. आबांना समितीने रीतसर पत्र देऊन सल्लागार नेमलं. ते पत्र त्यांनी खिशात ठेवलं, भिंतीवर लावलं नाही.

रोज सकाळी मी खुर्ची नेऊन मैदानात मांडायचे, आबा तिच्यावर बसायचे आणि काठीने दाखवायचे. गावातले लोक यायचे. काही जण मुद्दाम विचारायचे, "काय हो, तुम्हीच बुजवलीत आणि तुम्हीच उघडताय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आबा शांतपणे म्हणायचे, "हो. बसा, दाखवतो कसं वळतं ते." आणि खडूने जमिनीवर काढून दाखवायचे. महिन्याभरात गावातल्या शाळकरी पोरांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना भोक कसं वळतं ते पाठ झालं. मी एकदा म्हटलं, "आबा, रोज रोज आपली चूक सांगताना बरं वाटतं का?" ते म्हणाले, "त्यांची हुशारी सांगतो गं. चूक आपोआप येते मधे."

मीटरसाहेबांचं तर वेगळंच झालं. पहिल्या पंधरवड्यात आकडा थोडा उतरला, ते म्हणाले योगायोग. दुसऱ्यात आणखी उतरला, ते म्हणाले मीटर तपासून घेतो. तिसऱ्यात ते रविवारी सुटीच्या दिवशी स्वतःहून आले आणि लहान मुलाचा ताप बघावा तसं भिंतीला मीटर लावून बसले. "उतरतोय!" ते दारातूनच ओरडले. त्यानंतर पाडायची भाषा त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

पाचव्या महिन्यापर्यंत एकेचाळीस भोकं उघडली. बेचाळिसावं सापडेना. मी भिंतीला तीन फेऱ्या मारल्या, सकाळच्या उन्हात, संध्याकाळच्या उन्हात. डावखुरे घाव असलेला एकही दगड शिल्लक नव्हता.

"आबा, मोजण्यात चूक झाली असेल लष्कराची."

"मोजले मी होते," आबा म्हणाले. "बेचाळीस."

"मग कुठे आहे ते तरी सांगा."

"शोध."

"आठवत नाही ना तुम्हाला?"

"मला सगळं आठवतं. शोध तू."

मी चिडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, तरी खुर्ची मांडायचे आणि चहा द्यायचेच. तिसऱ्या दिवशी हट्टाला पेटून मी ओळीने पावलं मोजली. चार पावलं, भोक. चार पावलं, भोक. मागच्या भिंतीच्या कोपऱ्याशी चार पावलांवर भोक नव्हतं, दगड होता. जवळून बघितलं. घाव उजव्या हाताचे, बाकी भिंतीसारखेच, म्हणून इतके दिवस नजरेतून सुटले होते. पण जुन्या गवंड्यांचे नव्हते. काही खोल, काही उथळ, मधे एकदा छिन्नी घसरल्याची लांब रेघ. शिकाऊ हात. आणि वरचा एक कोपरा उडालेला, त्यात दगडाची भुकटी आणि चुना कालवून इतका जपून भरलेला की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

ती घसरलेली रेघ मला माहीत होती. ती घसरली तेव्हा माझा अंगठा सोलला होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. आबा काठी टेकत टेकत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"हा तुम्ही फेकून दिलात," मी म्हटलं. "भरावात."

"कोण म्हणालं?"

"तुम्ही काही बोलला नाहीत. कोपरा गेलाय म्हणालात आणि घेऊन गेलात."

"गेलाच होता कोपरा. भरून घेतला. लष्कराच्या भिंतीत बसवायचा म्हणजे तसाच कसा बसवणार?"

"मला का नाही सांगितलंत?" मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम. "एकतीस वर्षं, आबा!"

"सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलंच माझं. ती भोकं बुजवली ते एक, आणि हे एक."

चुंबकबाई धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की हा एक दगड असाच राहू द्या, त्या दुरुस्तीचीही नोंद राहील, समितीला मी पटवते. त्यांचा हेतू चांगला होता. मी त्या दगडाकडे बघितलं. मला तो तिथेच हवा होता, खूप हवा होता. माझा पहिला दगड, इतक्या मोठ्या भिंतीत, आबांच्या हाताने बसवलेला. पण त्याच्यामागे कोणीतरी शहाण्या माणसाने वाऱ्यासाठी ठेवलेली वाट होती, आणि तीत मी बसले होते.

"काढते," मी म्हटलं.

आबांनी छिन्नी पिशवीतून काढून मला दिली आणि या वेळी बोट ठेवलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. तासाभरात दगड सुटला. भोकातून थंड हवा आली, आतल्या ओलसर वासाची, आणि थोड्याच वेळात तो वासही राहिला नाही.

कोठार आता वारसा यादीत आहे. नाव बदललं: दारूगोळ्याचं दगडी कोठार. नोंदीत लिहिलं आहे, हवेची भोकं बेचाळीस, सर्व चालू. मीटरसाहेब स्वतःच्या पैशाने मीटर घेऊन अजूनही महिन्यातून एकदा जातात. वाहनतळ भाजीबाजाराच्या मागे झाला, आणि तिथेही जागा मिळत नाहीच.

माझा दगड मी घरी आणला. प्रमाणपत्र होतं त्या पांढऱ्या चौकोनाखाली, दारासमोर, तो ठेवला. आबांनी खुर्ची ओढली, खाली वाकले आणि थरथरत्या अंगठ्याने घावांवरून सावकाश हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कोपरा गेलाय," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"ऐक तर पुढचं," आबा म्हणाले. "बाकी दगड चांगला घडवलायस."